न दुखणारा पाय व मंडळीचें कर्तव्य

एखाद्या घरीं बापाच्या पायांस बधिरता येते, आणि वयांत आल्यावर मुलाच्याही पायांस येते. कांटा रुतला तरी कळत नाहीं, निखाऱ्यावर पाय पडला तरी कळत नाहीं. जखमा चिघळतात, बोटें जातात. तेव्हां गांव म्हणतो, "पूर्वजांचें पाप फळास आलें." खेदाची गोष्ट ही कीं, ख्रिस्ती म्हणविणारेही कित्येक असेंच बोलतात. या मताचा आम्ही येथें थोडा विचार करूं.

कातडीपासून मेंदूकडे ज्ञानतंतु गेलेले असतात. वेदनेची वार्ता तेच पोहोंचवितात. कांहीं कुळांत हे तंतु जन्मतःच नीट वाढत नाहींत, किंवा पुढें झिजत जातात. याचें कारण शरीराच्या बीजांतील दोष होय. एका प्रकाराचा दोष सन १९९६ मध्यें व दुसऱ्याचा सन २००१ मध्यें शास्त्रज्ञांस सांपडला. पहिल्यांत आईबाप निरोगी असतात, पण दोघांच्याही ठायीं दोष गुप्त असतो. जवळच्या नात्यांत विवाह झाल्यास असा योग अधिक येतो. अशा मुलास घाम येत नाहीं, व दांत येतांच तें आपलीच जीभ व बोटें चावतें. दुसऱ्यांत आईस किंवा बापास रोग असला, तर प्रत्येक मुलास तो होण्याचा संभव निम्मा असतो.

म्हणजे दोन भावांपैकीं एकास रोग होतो, दुसरा सुटतो. हा पापाचा दंड असता, तर दुसरा कोणत्या पुण्यानें सुटला? दोष वारशानें येणें निराळें, अपराध येणें निराळें. कोणी निर्गमांतील तिसऱ्या-चौथ्या पिढीचें वचन पुढें करील. परंतु तें देवाचा द्वेष करणाऱ्यांविषयीं आहे, तान्ह्या बालकाच्या रोगाविषयीं नव्हे. यहेज्केल संदेष्ट्यानें आंबट द्राक्षांची म्हण खोडून काढिली. आणि जन्मांधाविषयीं शिष्यांनीं हाच प्रश्न विचारिला असतां प्रभूनें त्यास व त्याच्या आईबापांस दोषमुक्त केलें, व वाद न वाढवितां त्यास दृष्टि दिली.

कोणी म्हणेल, वेदना नाहीं हें तर सुखच! तसें नाहीं. या देशांतच जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड वेल्लोर येथें महारोग्यांची सेवा करीत असतां त्यांनीं दाखविलें कीं, हातापायांचा नाश पुष्कळसा न कळलेल्या जखमांनीं होतो. वेदना ही देवानें ठेविलेली पहारेकरीण आहे.

एक अवयव दुखला म्हणजे सर्व दुखतात, असें पौल शिकवितो. मग जो अवयव स्वतः दुखतच नाहीं, त्याच्यासाठीं कोणीं दुखावें? मंडळीनेंच. म्हणून उपदेशकांनो, बधिरता दिसतांच त्या मनुष्यास डॉक्टरकडे न्या. कारण महारोग निराळा. त्याचा जंतु हान्सेन यांस सन १८७३ मध्यें सांपडला. तो रोग वंशानें येत नाहीं, व औषधानें बरा होतो. वंशागत बधिरता औषधानें जात नाहीं, पण ती स्पर्शानें कोणास लागतही नाहीं. त्या बंधूस पंक्तींत जवळ बसवा. रोज सायंकाळीं त्याचे तळवे दिव्याशीं धरून पाहा. वहाणेंतील खडा काढा. ऊन पाणी दुसऱ्यानें हात घालून पाहावें. जखम झाल्यास ती भरेपर्यंत त्यास चालूं देऊं नका, त्याचें शेत तुम्ही नांगरा.

ज्याचा पाय बधिर आहे त्याजवर देव रागावला नाहीं. परंतु ज्या मंडळीचें अंतःकरण बधिर झालें, तिनें मात्र आपली परीक्षा करावी.