‘असणे’ हे क्रियापद आणि ईश्वराचे अस्तित्व

इंग्रजीतील ‘टु बी’ या क्रियापदाचे ‘इज’ हे रूप एकाच वेषात तीन कामे करते. ‘गॉड इज’ असे म्हटले की ते ईश्वराचे अस्तित्व सांगते. ‘गॉड इज गुड’ येथे ते केवळ उद्देश्याची विधेयाशी सांगड घालते. आणि पहाटेचा तारा म्हणजेच सायंकाळचा शुक्र, हे सांगताना ते तादात्म्य, म्हणजे दोन नावांमागील वस्तू एकच असणे, दर्शवते. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली पहिल्या दोन अर्थांतील घोटाळ्यावर बोट ठेवले, तर बर्ट्रांड रसेलला विधेयन व तादात्म्य यांसाठी एकच शब्द असणे मानवजातीला लाजिरवाणे वाटले.

हा घोटाळा ईश्वरविचारात शिरल्याचे उदाहरण म्हणून अकराव्या शतकातील संत अन्सेल्मचा लॅटिन युक्तिवाद दाखवला जातो. ज्याहून श्रेष्ठ काही कल्पिताच येत नाही तो ईश्वर. तो केवळ मनात असेल तर प्रत्यक्षातही असणारा त्याहून श्रेष्ठ ठरेल, आणि हा तर व्याख्येशीच विरोध झाला. म्हणून तो प्रत्यक्षात असलाच पाहिजे. येथे ‘असणे’ हा दयाळूपणासारखाच आणखी एक गुण धरला गेला, असा कांटचा १७८१ मधील आक्षेप होता: शंभर थालर, म्हणजे चांदीची नाणी, खरी असोत वा कल्पित, त्यांच्या संकल्पनेत एका नाण्याचीही भर पडत नाही, जरी खिशाच्या दृष्टीने फरक मोठा असला तरी. फ्रेगेने १८८४ साली हेच अधिक नेमके केले: अस्तित्व हा वस्तूचा नव्हे, संकल्पनेचा धर्म आहे, ती संकल्पना रिकामी नाही, एवढेच त्यातून कळते.

मात्र सारा दोष क्रियापदावर टाकणे उथळपणाचे आहे. अरबीत वर्तमानकाळी असे जोडणारे क्रियापद सहसा लागत नाही, आणि तरीही वस्तूचे स्वरूप व तिचे अस्तित्व यांतील भेद तेथेच इब्न सीनाने (९८०–१०३७) ठळकपणे मांडला. संस्कृतातही ‘अस्ति’ अनेकदा गाळले जाते. तरी वैशेषिक दर्शनाच्या तत्त्वज्ञांनी द्रव्य, गुण व कर्म यांत राहणारी ‘सत्ता’ हे सर्वांत व्यापक सामान्य, म्हणजे अनेकांत आढळणारा समान धर्म, मानले, आणि ही भूमिका कांटच्या मताशी सरळ जुळणारी नाही. अन्सेल्मचा युक्तिवाद फसतो की नाही, हे अस्तित्वाला गुण मानावे की नाही यावर ठरते, आणि तो निर्णय व्याकरणाच्या अधिकारातला नाही.