दंडाची पावती

नाशिकच्या मेन रोडवर एक बाई काचेच्या बांगड्या विकायची. सगळे तिला मावशी म्हणत. एक पाटी, खाली गोणपाट आणि ऊन चढलं की छत्री, एवढंच तिचं दुकान. शेजारी एकजण रुमाल-मोजे विकायचा. महापालिकेची अतिक्रमणाची गाडी दिसली की दोघंही मागच्या बोळात पळायची. रुमालवाला चपळ होता. मावशीला काच सांभाळत पळावं लागे, म्हणून ती दोनदा सापडली. दोन्ही वेळा दंड भरून तिने पाटी सोडवून आणली आणि पावत्या रागारागाने घरच्या डब्यात टाकल्या.

फेरीवाल्यांसाठी 2014 साली कायदा झाला आणि त्यांची नोंदणी करणं महापालिकांना भाग पडलं. कागद घेऊन माणसं मेन रोडवर आली तेव्हा रुमालवाल्याने नाव सांगितलं. मावशी बोळात गेली. आज नाव लिहून घेतात म्हणजे उद्या उठवायला येणार, असा तिचा हिशेब. तो काही अगदीच खुळा नव्हता.

2020 चा पाडवा 25 मार्चला होता. लग्नसराई तोंडावर आली होती. मावशीने हिरव्या चुड्यांचा माल भरला होता, निम्मा उधारीवर. ऐन पाडव्याच्या दिवशी कोरोनामुळे देशभर टाळेबंदी लागली. उधारीचा माल तिने व्यापाऱ्याला परत केला, बाकीचं भांडवल पोटात गेलं.

बाजार उघडला तेव्हा पाटी रिकामी होती. एक सावकार दहा हजार द्यायला तयार होता. हजार आधीच कापून घेणार आणि रोज संध्याकाळी वसुलीला येणार. मावशी हो म्हणायच्या बेतात होती.

“थांब मावशी,” रुमालवाला म्हणाला. “सरकारने स्वनिधी म्हणून योजना काढलीय. दहा हजार मिळतात, तारण नको. वर्षभरात फेडायचे. हप्ते वेळेवर भरले तर सात टक्के व्याज सरकार आपल्या खात्यात टाकतं.”

अट एवढीच होती, की 24 मार्च 2020 च्या आधीपासून शहरात धंदा करत असलं पाहिजे. रुमालवाल्याकडे ओळखपत्र होतं, मावशीकडे काहीच नव्हतं. पण महापालिकेने शिफारसपत्र दिलं तर चालणार होतं. ज्या कार्यालयाच्या गाडीपुढे ती इतकी वर्षं पळाली, तिथे आता तिला स्वतःच्या पायाने जायचं होतं.

विभागीय कार्यालयातल्या कारकुनाने विचारलं, “तुम्ही तिथे बसता याला पुरावा काय?”

मावशीने पिशवीतून दोन पावत्या काढल्या. “साहेब, एवढंच आहे.”

कारकुनाने पावत्या उलटसुलट पाहिल्या आणि शेजारच्या टेबलावर सरकवल्या. तिथला माणूस पूर्वी गाडीवर असायचा. त्याने तारीख वाचली, खालची सही पाहिली.

“काचेच्या बांगड्या, पाटी एक. हे मीच लिहिलंय.”

“तुम्हीच लिहिलंत,” मावशी म्हणाली. “चार डझन फुटल्या होत्या.”

तो काही बोलला नाही. काही दिवसांनी तो मेन रोडवर येऊन आजूबाजूच्या दुकानदारांना विचारून गेला. मावशीला पत्र मिळालं. मग आधारला जोडलेला मोबाइल नंबर बंद निघाला, त्यात आणखी काही खेपा गेल्या. अखेर पैसे खात्यात आले आणि पाटी भरली.

संकट मात्र संपलं नव्हतं. मार्च 2021 च्या अखेरीला गर्दी आवरायला नाशिकच्या बाजारपेठेत शिरणाऱ्याला तासाला पाच रुपयांची पावती लागली. तास उलटला तर पाचशे रुपये दंड. आता बांगड्या भरायला निवांतपणा लागतो. हात दाबून माप बघायचं, रंग लावून पाहायचे. घड्याळ बघत येणारी गिऱ्हाईकं थांबेनात. मावशीने पाटीत पिना, रबर, कंगवे ठेवले, जे चालता चालता उचलता येईल ते. एप्रिलमध्ये पुन्हा सगळं बंद झालं. दोन हप्ते थकले, ते तिने श्रावणातल्या विक्रीतून भरले.

दहा हजारांत पाटी भरते, घर नाही. ही मदत फार मोठी होती असं कुणी म्हणू नये. पण ती मिळावी म्हणून महापालिकेला एक गोष्ट आधी करावी लागली. जिला आजवर फक्त हटवलं, ती इथेच बसते, हे स्वतःच्या शिक्क्याने लिहून द्यावं लागलं. संकटात मदत यादीतल्यांना आधी पोचते आणि यादी संकटाच्या आधीच व्हावी लागते. पण दारात नेहमी गाडीच येत असेल, तर यादी करायला आलेल्या माणसापुढेही लोक पळणारच.

कर्ज फिटल्यावर मावशीने वीस हजारांसाठी अर्ज केला. दिवाळीच्या गर्दीत गाडी पुन्हा आली. रुमालवाला सवयीने बोळात शिरला, खिशात ओळखपत्र असूनही. मावशी बसून राहिली. माणूस खाली उतरला तेव्हा तिने शिफारसपत्राची घडी उलगडून त्याच्यापुढे धरली आणि विचारलं, “भाऊ, किती मागे सरकू, तेवढं सांगा.”