रेतीतली अंडी

खापरखेड्याजवळच्या बिना संगमावर पेंच आणि कोलार या नद्या कन्हानला मिळतात. पेंचच्या वरच्या अंगाला, तोतलाडोहच्या जलाशयात, मगरी आहेत. पूर्ण वाढलेला नर चार मीटरच्या आसपास जातो. २०२१ मध्ये तर नागपुरात, भर वस्तीतून वाहणाऱ्या नाग नदीतही मगर दिसली होती. मगर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे जबडाच येतो, म्हणून आज त्याच्याबद्दलच थोडे.

हा जबडा मिटताना हाड मोडतो. उघडणारे स्नायू मात्र इतके दुबळे, की मगर पकडणारे तिचे तोंड साध्या दोरीने बांधतात. जबड्यावर बारीक काळे ठिपके असतात. ते स्पर्श ओळखतात, आणि आपल्या बोटांच्या टोकांहूनही हळवे असतात. पाण्यावरचा पुसट तरंगही त्यांना कळतो.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी काठावर खड्डा करून पंचवीस-तीस अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी, हे खड्ड्यातली ऊब ठरवते: ३२-३३ अंशांच्या आसपास नर जास्त, त्याहून थंड असेल तर माद्या. सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले कवचाच्या आतूनच साद घालतात. ती ऐकून आई खड्डा उकरते. एखादे अंडे फुटत नसेल तर ते तोंडात घेऊन, जीभ आणि टाळू यांच्यामध्ये अलगद दाबून फोडते. मग पिल्ले त्याच दातांआड घालून पाण्यात नेऊन सोडते. कधी कधी हे काम बापही करतो. प्राण्यांच्या मायेबद्दल मी जे काही वाचले आहे, त्यात याच्या तोडीचे थोडेच.

ही सगळी माया काठाच्या भरवशावर असते, आणि कन्हानच्या रेतीला तर बांधकामासाठी सतत मागणी. यंत्राचा एक फावडा आणि पंचवीस अंडी गेली. पाण्यातल्या आईला त्यात काही करता येत नाही. नदीतून रेती नेणे हा आपला हक्कच आहे, असे आपण फार सहज धरून चालतो.

रेतीघाटावर ज्यांचे चालते, त्यांना एवढीच विनंती: फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत उंच, कोरड्या काठाला हात लावू नका. आणि मगर दिसलीच तर दगड न मारता लांब थांबा, वन विभागाला १९२६ वर कळवा.