लग्न कोणाचे?

पामच्या आमच्या घरी ओटीवरच्या भिंतीला एक विणलेला पट टांगला आहे. तारापूरच्या एका कापड कारखान्यात लागलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याने पहिल्या पगारातून तो आणला. तांबूस जमिनीवर पांढऱ्या सुताने, यंत्रावर विणलेला वारली लग्नचौक. मधे पालघट देवी, भोवती झाडे, नाचणारी माणसे. मला तो फार आवडला.

पावसाळ्यात रानभाजी घेऊन एक वारली आजी येते. पायरीवरूनच तिने तो पाहिला, हात जोडले आणि विचारले, "गुरुजी, लगीन कोणाचं?"

"कोणाचं नाही. शोभेला लावलंय."

ती जवळ आली. यंत्राने एकच चौक तीनदा विणला होता, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. तिने बोटाने मोजले. "तीन चौक, न लगीन एकबी नाय?" आणि मनापासून हसली. रागावली असती तर बरे झाले असते.

वारल्यांच्या घरी सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, धवलेरी गाते. त्यावाचून लग्न लागत नाही. तिथे चित्र भिंतीची शोभा नसते. ते लग्नातले एक माणूसच असते म्हणा ना! मग मी ओटीवर काय टांगले आहे?

नक्कल करणेच वाईट, असे म्हणून मला सुटता येत नाही. फ्रान्समधील बायो गावी अकराव्या शतकातला सुमारे सत्तर मीटर लांबीचा भरतकामाचा पट आहे. त्यावर १०६६ साली इंग्लंड कसे जिंकले ती कथा आहे. त्याचेही तुकडे आज यंत्रावर विणून दिवाणखान्यांत टांगतात. परंतु इंग्लंडमधील लीक गावच्या बायकांनी एलिझाबेथ वॉर्डल यांच्या पुढाकाराने १८८६ मध्ये त्याची अख्खी नक्कल सुईने भरून पुरी केली. मुळातल्या नागड्या माणसांना तिथे वस्त्रे मिळाली आहेत! पण प्रत्येकीने आपल्या कामाखाली आपले नाव भरले. चुकले तर विचारायला माणूस आहे. माझ्या तीन चौकांबद्दल मी कोणाला विचारू?

बरे, लग्नावाचून चित्र काढू नये म्हणावे, तर डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे आठवतात. सवाशिणींचे हे काम त्यांनी पुरुष असून हाती घेतले, लग्नघर नसताना कागदावर, कापडावर चित्रे काढली. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांना कोण दोष देईल? २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. पण आजीच्या प्रश्नाला ते कागद पुरे पडत नाहीत.

पट काढून ठेवावा, तर दिवाळीत तो मुलगा फराळाला येईल. ओटीवर पाऊल टाकताच त्याची नजर आधी भिंतीकडे जाते. आजी मात्र त्यानंतर दोनदा येऊन गेली. भाजी पायरीवर ठेवते, पटाकडे पाहते आणि विचारते, "ठरलं का लगीन?"