काचेवरचा शब्द आणि त्याचा वक्ता

कारखान्यातील यंत्रांची देखभाल करणाऱ्या फिटरच्या डोळ्यांवर जेव्हा असा चष्मा चढतो की ज्याच्या काचेत समोरच्या पंपाचा कोणता नट आधी सैल करायचा हे बाण काढून दाखवले जाते, तेव्हा त्याला होणारे ज्ञान कोणत्या जातीचे मानावे, हा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला तरी मुळात प्रमाणशास्त्राचा आहे. यथार्थ ज्ञान कोणत्या साधनांनी होते आणि झालेले ज्ञान यथार्थ आहे हे कशावरून ठरते, याचा विचार म्हणजे प्रमाणशास्त्र होय. न्यायदर्शनाने अशी चार साधने मानली: इंद्रियांचा वस्तूशी संबंध येऊन होणारे प्रत्यक्ष, खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीपर्यंत पोचणारे अनुमान, सादृश्यावरून ओळख पटवणारे उपमान आणि विश्वसनीय माणसाच्या सांगण्यावरून होणारे शब्द. अंगावर वागवायच्या यंत्रांनी या चौकटीत एक पेच निर्माण केला आहे, कारण त्यांच्याद्वारे मिळणारे ज्ञान शब्दाचे असते आणि त्याचा वेश मात्र प्रत्यक्षाचा असतो. अशा यंत्रांची चाचणी अनेक संस्था भागीदारीने करतात तेव्हा नेमके काय तपासले गेले पाहिजे, याचे उत्तर हा पेच समजून घेतल्याशिवाय मिळत नाही.

या यंत्रांचा जन्मच कामाच्या ठिकाणी झाला. १९९२ साली बोइंग कंपनीतील टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी विमानातील तारांचे जुडगे बांधणाऱ्या कामगारांसाठी डोक्यावर घालायच्या पडद्याची कल्पना मांडली. फळीवर चिकटवलेल्या नकाशाऐवजी तारेची वाट कामगाराला फळीवरच उमटलेली दिसावी, असा त्यांचा हेतू होता, आणि समोरच्या दृश्यावर संगणकाची रेखाटने चढवण्याच्या तंत्राला ‘ऑगमेंटेड रिअॅलिटी’ हे आज रूढ असलेले नाव त्यांच्याच लेखनातून मिळाले. पुढच्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठातील स्टीव्हन फाइनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देखभालीच्या कामासाठी ‘कर्मा’ नावाची प्रणाली प्रसिद्ध केली. तिच्यात एका साध्या लेझर प्रिंटरच्या झाकणाला आणि कागदाच्या ट्रेला जागा ओळखणारे संवेदक बसवलेले होते. त्यामुळे माणसाने मान वळवली किंवा ट्रे ओढला तरी रेखाटने त्या त्या भागाला धरून राहत आणि पुढची कृती कोठे व कशी करायची ते त्या भागावरच काढून दाखवले जाई.

रेखाटन वस्तूला असे चिकटून राहते, यातच त्याची शक्ती आहे आणि धोकाही. छापील पुस्तिका उघडली की वाचणाऱ्याला आपण कोणाचे तरी म्हणणे वाचत आहोत याचे भान राहते, कारण पुस्तिका एकीकडे असते, यंत्र दुसरीकडे असते आणि या दोहोंचा मेळ घालण्याचे काम वाचणाऱ्यालाच करावे लागते. चष्म्यातला बाण हे अंतर पुसून टाकतो. ‘हा नट सोडवावा’ हे विधान नटावरच उमटलेले असल्यामुळे ते नटाच्या रंगाइतके किंवा त्यावर चढलेल्या गंजाइतके उघड वाटू लागते, आणि कोणीतरी सांगितलेल्या गोष्टीला डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचा दर्जा आपोआप मिळून जातो.

येथे एक आक्षेप संभवतो. शुद्ध प्रत्यक्ष तरी कोठे असते, मुरलेल्या फिटरच्या पाहण्यातही आधीचे ज्ञान मिसळलेले नसते काय, असे विचारता येईल. हा आक्षेप नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांना, ठाऊक होता. दुरून चंदनाचा तुकडा पाहूनच ‘हे चंदन सुगंधी आहे’ असे ज्ञान होते, आणि त्या क्षणी गंधाचा नाकाशी संबंध आलेला नसतो. पूर्वी अनुभवलेल्या गंधाचे ज्ञानच येथे संबंधाचे काम करते, म्हणून या प्रकाराला नव्यन्यायात, म्हणजे न्यायदर्शनाच्या उत्तरकालीन शाखेत, ज्ञानलक्षण प्रत्यासत्ती असे म्हटले जाते. बेअरिंगच्या घरावर स्क्रूड्रायव्हरचे टोक टेकवून आणि त्याची मूठ कानाच्या हाडाशी लावून जो फिटर आवाज ऐकतो, त्याला खरखर ऐकू येताच बेअरिंगमधील गोळी खराब झाल्याचे ‘कळते’. हे कळणे बरेचसे चंदनाच्या सुगंधासारखे आहे. तरीही भेद उरतोच. चंदनाच्या उदाहरणात मिसळलेले ज्ञान पाहणाऱ्याच्याच अनुभवातून आलेले असते, त्यामुळे ते कोठे लागू पडते आणि कोठे फसते याची जाण त्याच्यापाशी असते, तर चष्म्यात मिसळलेले ज्ञान दुसऱ्याचे असते आणि त्याच्या मर्यादा पाहणाऱ्याला दिसत नाहीत. नवख्या कामगाराला उस्तादाची नजर उसनी मिळते, पण ती नजर कमावताना उस्तादाने केलेल्या चुका आणि त्यांतून आलेला सावधपणा मात्र मिळत नाही.

म्हणून काचेवरच्या विधानाला शब्दप्रमाण म्हणूनच तपासावे लागते, आणि शब्दाची तपासणी म्हणजे वक्त्याची तपासणी. न्यायदर्शनाचा मूळ ग्रंथ असलेल्या न्यायसूत्रांनी आप्ताच्या, म्हणजे विश्वसनीय माणसाच्या, उपदेशाला शब्द म्हटले आहे. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या, न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने आप्ताचे लक्षण करताना वस्तूचा साक्षात अनुभव आणि ती जशी अनुभवली तशीच सांगण्याची इच्छा या गोष्टींवर भर दिला, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते असेही नोंदवले. आप्तपण पदावर, जातीवर किंवा पदवीवर अवलंबून नसून वस्तूशी आलेल्या संबंधावर आणि प्रामाणिकपणावर अवलंबून असते, असा याचा अर्थ होतो. या कसोटीवर चष्म्यातल्या सूचनेचा वक्ता शोधू गेल्यास एकही संपूर्ण आप्त सापडत नाही. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला त्या यंत्राची रचना माहीत असते, पण दहा वर्षे धुळीत आणि दमट हवेत चाललेला तो विशिष्ट पंप तिने पाहिलेला नसतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला सूचना नेमकी जागेवर बसवता येते, पण त्या सूचनेतील मजकूर त्याचा नसतो. कारखान्याच्या व्यवस्थापनापाशी बिघाडांच्या नोंदी असतात, पण नोंदीत न उतरलेले बरेच काही असते. आणि ते उरलेले ज्याच्या हातात असते त्या फिटरला सूचना लिहिताना बहुधा कोणी विचारत नाही. आप्तपण येथे तुकड्यांत वाटले गेलेले आहे, आणि भागीदारीची खरी गरज या वाटणीतून उत्पन्न होते.

वेदाचे प्रामाण्य मानणाऱ्या मीमांसादर्शनाच्या अनुयायांच्या, म्हणजे मीमांसकांच्या, विचारातून याची दुसरी बाजू उजेडात येते. शब्दात दोष शिरतो तो वक्त्याच्या अज्ञानामुळे किंवा कपटामुळे, असे त्यांचे मत होते. वेदाला कर्ताच नाही, तो अपौरुषेय आहे, म्हणून त्यात असा दोष संभवत नाही, असा युक्तिवाद त्यांनी त्यावर उभारला. तो वेदाच्या बाबतीत मान्य करावा की नाही हा वेगळा वाद आहे. पण काचेवर झळकणाऱ्या सूचनेला मात्र न मागता असे अपौरुषेयत्व लाभते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. तिच्यावर सही नसते, ती कधी लिहिली गेली आणि यंत्राच्या कोणत्या आवृत्तीसाठी लिहिली गेली हे दिसत नाही, आणि बोलणारा दिसत नसल्यामुळे त्याच्यावर शंका घेण्याचे कारणही सुचत नाही. पुरुषाने रचलेला मजकूर अशा रीतीने कर्ताहीन वचनाचा अधिकार गाजवू लागतो. गूगलने कारखान्यांसाठी २०१७ मध्ये पुन्हा बाजारात आणलेल्या चष्म्याची विक्री मार्च २०२३ मध्ये थांबवली आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरनंतर त्याला मिळणारा आधारही संपवला, यावरून काचेमागे माणसे आणि त्यांचे व्यावसायिक निर्णय असतात आणि ते बदलतात, हे पुरेसे स्पष्ट व्हावे.

आता चाचणीकडे वळता येईल. ज्ञान यथार्थ आहे हे त्या ज्ञानावरूनच कळते असे मीमांसक मानतात, म्हणजे बाधक ज्ञान होईपर्यंत किंवा त्याच्या साधनात दोष आढळेपर्यंत ते खरेच धरावयाचे. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक परतःप्रामाण्य मानतात, म्हणजे ज्ञानाची यथार्थता बाहेरून, मुख्यतः त्यावर विसंबून केलेली कृती सफल झाली की नाही यावरून ठरते. पाणी समजून पुढे गेलेल्याची तहान भागली तर ते ज्ञान खरे. कारखान्यातील चाचणी पहिल्या दर्शनी न्यायमताचीच वाटते, कारण तिच्यात चष्मा घालून आणि चष्म्याविना तेच काम करवून लागलेला वेळ व झालेल्या चुका मोजल्या जातात. जुळणीच्या कामात हे बऱ्यापैकी निभावते, कारण तार योग्य जागी गेली की नाही हे लगेच तपासता येते. देखभालीचे फळ मात्र उशिरा येते, आणि येते तेही अभावाच्या रूपाने. आज घट्ट केलेला बोल्ट योग्य ताणाने घट्ट झाला होता की नाही हे सहा महिन्यांनी कळू शकते. आणि बिघाड झालाच नाही, तर तो देखभालीमुळे टळला की मुळात होणारच नव्हता, हे एका यंत्रावरून सांगता येत नाही. त्यामुळे थोड्या आठवड्यांच्या चाचणीत मोजली जाते ती काम उरकण्याची सफलता. ज्ञानाच्या यथार्थतेचा निर्णय तेवढ्याने होत नाही.

या अडचणीत दोन्ही मतांची सांगड घालावी लागते. जेथे फळ हाताशी आहे तेथे नैयायिकांप्रमाणे फळ तपासावे, आणि जेथे ते लांब आहे तेथे मीमांसकांनी सांगितलेला साधनातील दोष शोधावा, म्हणजे प्रत्येक सूचना कोणी लिहिली, कशावरून लिहिली, ती कधी बदलली आणि कोणत्या परिस्थितीत ती लागू पडत नाही, याची झडती घ्यावी. ही झडती एकट्या भागीदाराला घेता येत नाही, कारण प्रत्येकाला दुसऱ्याच्याच वाट्याचे दोष चांगले दिसतात.

अशा सहकार्याचे दाखले आहेत. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९० च्या दशकात मरीन दलाच्या उभयचर वाहनांच्या तपासणीसाठी व्हूमन-३ हा अंगावर बांधायचा संगणक तयार केला. सुमारे ६०० बाबींची कागदी यादी हातात धरून वाहनाच्या आत-बाहेर, वर-खाली करणाऱ्या मेकॅनिकला कळफलक वापरणे शक्यच नव्हते, म्हणून त्यावर एक मोठी गोल चकती बसवली गेली, जी हातमोजे घालूनही फिरवता येई. ही चकती कामाच्या ठिकाणाहून आलेल्या ज्ञानाचा पुरावा आहे. पुढे २००४ ते २००९ या काळात ब्रेमेन विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली युरोपीय संघाच्या निधीतून चाललेल्या ‘वेअरइट अॅट वर्क’ या मोठ्या प्रकल्पात विमानांची देखभाल, मोटार उत्पादन, रुग्णालय आणि अग्निशमन ही चार क्षेत्रे घेण्यात आली, आणि यंत्र बनवणाऱ्यांबरोबर ते वापरणाऱ्या संस्थाही भागीदार होत्या.

भागीदारी असली म्हणजे सत्यशोधन होतेच असे मात्र नाही. न्यायसूत्रांनी चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत: दोन्ही पक्षांना तत्त्व जाणायचे असते तो वाद, जिंकायचे असते तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता समोरच्याचा पक्ष फक्त पाडायचा असतो ती वितंडा. विक्रेत्याला यशाचा अहवाल हवा असतो आणि व्यवस्थापनाला खर्च सार्थ झाल्याचे दाखवायचे असते, तेव्हा चाचणी जल्पाकडे झुकते. कामगार तिला केवळ विरोध करू लागला की ती वितंडेत अडकते. तिचा वाद व्हावयाचा असेल तर हरण्यात कोणाचेही नुकसान होणार नाही अशी तजवीज आधी करावी लागते, आणि कराराच्या कलमांमध्ये हीच तजवीज बहुधा विसरली जाते.

यातच आणखी एक गोष्ट येते. अंगावरचे यंत्र दाखवते तसे पाहतेही. मनगटावरचा पट्टा नाडीचे ठोके मोजतो, चष्म्याचा कॅमेरा हात कोठे थबकला ते टिपतो. जो प्रमाता, म्हणजे जाणणारा, म्हणून कामाला उभा राहिला तोच प्रमेय, म्हणजे जाणला जाणारा विषय, होऊन बसतो. ज्याचे थबकणे दोष म्हणून नोंदले जाईल तो माणूस थबकायचे सोडून देतो, आणि न्यायदर्शनाच्या मते ज्याच्यापासून परीक्षेला सुरुवात होते तो संशयच त्यामुळे कारखान्यातून हद्दपार होतो. चाचणीसाठी याहून घातक काही नाही, कारण बाण चुकीच्या नटावर आहे हे सर्वांत आधी थबकणाऱ्या हातालाच कळलेले असते.

तेव्हा अशा यंत्रांवर विश्वास ठेवावा की ठेवू नये, हा प्रश्नच अपुरा आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावर विसंबल्याशिवाय कोणतेही कसब चालत नाही आणि अनोळखी यंत्रापुढे एकट्या उभ्या असलेल्या कामगाराला ही मदत खरोखरच मोलाची असते. विचारायचे ते इतकेच की काचेवरच्या शब्दाला त्याचा वक्ता परत मिळाला आहे काय. प्रत्येक सूचनेमागे नाव, तारीख आणि मर्यादा असणे, फिटरने दिलेला नकार चाचणीचा व्यत्यय न समजता पुरावा म्हणून नोंदला जाणे, आणि त्या नोंदीवरून सूचना बदलण्यास बाकीचे भागीदार बांधील असणे, या तीन अटी पुऱ्या झाल्या तर कोणाही एकापाशी नसलेले आप्तपण भागीदारांच्या समुदायापाशी येऊ शकते. त्या पुऱ्या झाल्या नाहीत, तर वेळ वाचल्याचे आकडे कितीही खरे असले तरी चष्म्याने दाखवलेले ज्ञान प्रमाण ठरले, असे म्हणता येणार नाही.