विनोद कोणी करावा, कोणावर करावा?



यंदाच्या पुरीमला आमच्या गावच्या सिनॅगॉगच्या सभागृहात थोडा वेगळा कार्यक्रम झाला. पुरीमला आपले कोकणातले वाडवडील 'होळीचा सण' म्हणत, आणि त्या दिवशी थट्टामस्करीला मोकळीक असे. मगिला वाचून झाली, लहान मुलांची सोंगे झाली, खाणेपिणे झाले, आणि मग आपल्यातलाच एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा हातात माईक घेऊन एकटाच उभा राहिला. याला हल्ली 'स्टँड-अप' म्हणतात. हिब्रूतही हाच शब्द रूढ आहे. पेटी नाही, तबला नाही, पडदा नाही. एक माणूस उभा राहतो आणि अर्धा तास लोकांना हसवतो.

मुलगा इथेच जन्मलेला. मराठी समजते, पण बोलताना अडखळतो. त्याने आपल्या आजीवर विनोद केले. आजी दवाखान्यात वेळ ठरवण्यासाठी फोन करते. पलीकडून यंत्र बोलते, "आपले बोलणे समजले नाही, पुन्हा सांगा." आजी तीनतीनदा सांगते, पण यंत्राला आजीचे हिब्रू उच्चार काही कळत नाहीत. शेवटी आजीच यंत्राची माफी मागते आणि मराठीत विचारते, "जेवलास का रे बाबा? आवाज दमलेला वाटतो तुझा." सगळे सभागृह हसले. मीही हसले. मग तो म्हणाला, "आम्ही होदूचे लोक रांगेत कधी आरडाओरडा करत नाही. म्हणून तर पंचाहत्तर वर्षे झाली, तरी आमचा नंबर अजून आलेला नाही!"

तरुण मंडळी पोट धरून हसली. पुढच्या ओळीतले आम्ही वडीलधारे मात्र गप्प बसलो. कार्यक्रम संपल्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ त्याला म्हणाले, "घरातलं घरात ठीक आहे. पण हे तेल अवीवच्या क्लबात जाऊन सांगू नकोस." मुलाचा चेहरा उतरला. तो माझ्याकडे आला नि म्हणाला, "मावशी, तुम्हीही हसला नाहीत. मी चुकलो का?" मी म्हटले, विचार करून सांगते. मी जन्मभर शाळेत गणित शिकवले, त्यामुळे उत्तर काढताना पायऱ्या लिहून दाखवायची सवय आहे. त्या पायऱ्या आपल्यासमोर मांडते.

त्या ज्येष्ठांचे म्हणणे आपल्यापैकी पुष्कळांना पटेल. आपल्यावर आपण हसावे, परक्याने हसू नये, हा जुना नियम आहे. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगमंचावर उभी केली, तेव्हा समोर हसणारे लोक पुष्कळसे चाळीतलेच होते. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये पन्नासाहून अधिक पात्रे एकटे रंगवीत. त्यांनी मराठवाड्याची बोली वापरली, आणि मराठवाड्याच्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. इकडे इस्राएलमध्ये 'हगशश हखिव्हेर' या तिघांच्या चमूने १९६३ पासून निरनिराळ्या देशांतून आलेल्या ज्यूंचे हेल आणि लकबी उचलल्या. त्यांची वाक्ये रोजच्या हिब्रूत अशी मुरली की सन २००० मध्ये त्यांना इस्राएल पुरस्कार मिळाला. ज्यांची नक्कल होत होती तेही त्यांच्या ध्वनिमुद्रिका घेऊन घरी जात. ही उदाहरणे पाहता नियम बरोबर वाटतो.

याची उलट बाजू मी इथे आल्या आल्याच पाहिली. १९८१ च्या वसंतात मी अलिया करून आले. वय वीस, ठाण्याच्या शाळेचे मराठी पक्के आणि हिब्रू शून्य. उल्पानमध्ये शिकत असताना निवडणूक आली. २७ जूनला तेल अवीवच्या मल्खे इस्राएल चौकात मजूर पक्षाच्या आघाडीची प्रचंड सभा झाली. दूदू तोपाझ या विनोदी नटाने तिथे व्यासपीठावरून लिकुदच्या मतदारांना 'चखचखीम' म्हटले, आणि खरे लढवय्ये सैनिक तर इथे आपल्या सभेत आहेत, असे सुचवले. हा शब्द मोरोक्को, इराक अशा देशांतून आलेल्या ज्यूंना हिणवण्यासाठी वापरला जाई. दुसऱ्याच दिवशी त्याच चौकात मेनाखेम बेगिन यांनी तो शब्द उचलला. इंग्रजांच्या तुरुंगात १९४७ साली एकाच हातबाँबने एकत्र प्राण दिलेले माएर फाइनश्टाइन आणि मोशे बरझानी यांची त्यांनी आठवण करून दिली. एक अश्केनाझी, दुसरा इराकी. ३० जूनला मतदान झाले. लिकुदला ४८ जागा आणि आघाडीला ४७. त्या एका शब्दाने किती मते फिरली हे मोजता येणार नाही, पण तो शब्द आजही कोणी विसरलेले नाही.

मला मात्र वेगळीच गोष्ट आठवते. उल्पानच्या जेवणघरात कोणीतरी तोपाझची नक्कल केली आणि काही जण हसले. मला एक अक्षर कळले नव्हते, तरी मीही हसले. नवीन माणसाला सगळ्यांबरोबर हसावेसे वाटते. पुढे महिन्याभराने शब्दाचा अर्थ कळला आणि माझ्या लक्षात आले की, ज्या लोकांना तो हिणवत होता, त्यांच्यातच या देशाने आम्हालाही धरले होते. मी माझ्यावरच हसले होते, आणि तेही न समजता.

तेव्हा पहिली पायरी अशी: विनोद करणारा आपला की परका, एवढे पाहून भागत नाही. ज्याच्यावर विनोद होतो तो सभागृहात बसलेला आहे का, हेही पाहिले पाहिजे. पुलंच्या समोर चाळ बसलेली होती. तोपाझ ज्यांच्याविषयी बोलला, ते त्या चौकात नव्हते असेच धरून तो बोलत होता.

पण मग ज्याला ज्याला लागले, त्याने त्याने विनोद बंद पाडावा काय? हेही पटत नाही. १९७० साली तेल अवीवच्या कामेरी नाट्यगृहात हानोख लेविन यांचे 'मल्कत अम्बात्या', म्हणजे 'न्हाणीघराची राणी', हे प्रहसन आले. सहा दिवसांच्या युद्धानंतर देशाला विजयाची जी धुंदी चढली होती, तिची त्यात निर्दय टिंगल होती. प्रेक्षकांतून आरडाओरडा झाला, बाहेरून दडपण आले, आणि १९ प्रयोगांनंतर खेळ बंद झाला. तीन वर्षांनी योम किप्पूरचे युद्ध झाले. त्यानंतर अनेकांना वाटले की लेविनचे थोडे ऐकायला हवे होते. तरीही मी त्या प्रेक्षकांना सरसकट दोष देऊ शकत नाही. त्यात सत्ताधारी होते, तसे मुलगा गमावलेले आईबापही होते. मंत्र्याला लागले तर तो उद्या वर्तमानपत्रातून उत्तर देतो. त्या आईने कुठे जाऊन उत्तर द्यावे?

मुंबईची अगदी अलीकडची गोष्ट घ्या. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामरा या विनोदकाराने एका बड्या नेत्यावर विडंबनगीत म्हटले. त्याची चित्रफीत बाहेर येताच पक्षाच्या कार्यकर्त्यांनी खार येथील ती जागा फोडली. इथे ज्याच्यावर विनोद झाला त्याच्यापाशी सत्ता होती, सभा होत्या, वर्तमानपत्रे होती. त्याच्या बाजूने उत्तर देण्याचे शंभर मार्ग मोकळे असताना खुर्च्या मोडल्या गेल्या. ते गाणे चांगले की वाईट हा प्रश्नच मग उरत नाही.

यावरून दुसरी पायरी निघते. कोणाला लागले याच्याबरोबर, ज्याला लागले त्याला उत्तर देता येते का, हे पाहावे. ही पायरी मी पुस्तकात वाचून काढलेली नाही. तिची किंमत एका मुलीने भरली आहे, म्हणून सांगते.

वर्गात उभा राहणारा शिक्षक हाही एक स्टँड-अपवालाच. तोही एकटा उभा राहून बोलतो. फरक इतकाच की त्याच्या श्रोत्यांना उठून जायची सोय नसते. १९९१ साली माझ्या वर्गात रशियातून आलेली एक मुलगी होती. गणितात हुशार, फळ्यापाशी आली की सफाईने उदाहरण सोडवी. पण तिच्या हिब्रूला रशियन हेल होता. एका कंटाळवाण्या दुपारी वर्ग पेंगत होता. तिने उत्तर सांगितले आणि मी तिच्याच हेलात ते पुन्हा म्हणून दाखवले. वर्ग खडबडून हसला. तीही हसली. मला वाटले, काय बिघडले? मीसुद्धा बाहेरून आलेली, माझ्या हिब्रूची नक्कल तर मुले रोज करतात. मी तिच्यातलीच आहे.

त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्या मुलीने वर्गात तोंडाने उत्तर दिले नाही. विचारले की फळ्यापाशी येई, खडूने लिही आणि जागेवर जाऊन बसे. मला कळायला दोन महिने लागले. मग मी तिला एकटीला बोलावून क्षमा मागितली. ती म्हणाली, "काही नाही, मोरा, विनोदच होता." पण दोष वर्गासमोर केला होता आणि क्षमा बंद दाराआड मागितली होती. ते मला आजही बोचते. तालमुदात म्हटले आहे की जो दुसऱ्याला चारचौघांत लाजवतो त्याने जणू रक्त सांडले. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकले होते. त्या वर्षी समजले.

आता पहा, इथे सगळ्या सोप्या सबबी गळून पडतात. मी 'आपली' होते. मुलगी समोर बसलेली होती. ती हसलीही. पण हसणे म्हणजे संमती नव्हे. तिच्यापाशी हसण्यावाचून दुसरे उत्तरच नव्हते. माझ्या हातात खडू होता आणि तिचे गुणही.

आणि ते तीस हसणारे? हल्लीचे विनोदकार आपले नवे विनोद आधी छोट्या क्लबात म्हणून पाहतात. लोक हसले तर ठेवतात, नाही हसले तर टाकून देतात. म्हणजे प्रत्येक हशा हे एक मत असते. त्या दुपारी वर्ग हसला नसता तर मी पुढच्या क्षणी गप्प झाले असते. उल्पानमध्ये मी न समजता दिलेले मतही मोजले गेलेच होते.

म्हणून विनोदच नको, असे मात्र मला म्हणायचे नाही. त्याच तालमुदात रब्बी बेरोका यांची गोष्ट आहे. बाजारात एलियाहू हन्नाबी त्यांना भेटतात. आपल्या लोकांत मलिद्याच्या ताटापाशी ज्यांचे नाव घेतो, तेच हे एलियाहू. रब्बी विचारतात, या बाजारात पुढच्या जगाचा वाटा मिळेल असा कोण आहे? एलियाहू दोन माणसे दाखवतात. रब्बी त्यांना धंदा विचारतात. ते म्हणतात, आम्ही विदूषक आहोत. दुःखी माणसाला हसवतो, आणि दोघे भांडत असले की त्यांच्यात सलोखा करतो. इतका मोठा मान त्या बाजारात फार थोड्यांना मिळाला.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येते. त्याची आजी त्या दिवशी सभागृहात होती. मी तिला नंतर विचारले, "तुला वाईट वाटलं का गं?" ती म्हणाली, "वाईट कसलं? मला घरी आधीच ऐकवलं होतं त्याने. 'जेवलास का' हे मीच सांगितलं त्याला. तो म्हणत होता 'खाल्लंस का'." म्हणजे त्या विनोदात आजीचा हात होता. तिथे तो चुकला नाही.

रांगेच्या विनोदाला मी हसले नाही, याचे कारण वेगळे. तो विनोद खरा नव्हता. आपण ओरडलो नाही असे कोण म्हणतो? लग्नाच्या वेळी रब्बीनेटने आपल्या ज्यूपणाची चौकशी लावली, तेव्हा १९६४ च्या उन्हाळ्यात आपल्या लोकांनी यरुशलेममध्ये धरणे धरले, आणि त्या ऑगस्टमध्ये बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत असा ठराव क्नेसेटला करावा लागला. पुढच्या ओळीत गप्प बसलेल्यांपैकी काही जणांचे वडील त्या धरण्यात होते. आम्ही गप्प बसलो ही आमची चूक. 'बाहेर सांगू नकोस' असे म्हणण्यापेक्षा तिथल्या तिथे उठून 'बाळा, हे असे नव्हते' असे म्हणायला हवे होते. माईक त्याच्या हातात होता, पण आमच्या तोंडाला कोणी हात लावला नव्हता.

हे सगळे मी त्याला फोनवर सांगितले. थोडा वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, "धरणं किती दिवस चाललं, मावशी? तिथे जेवणाचं काय केलं त्यांनी?" मी त्याला त्या ज्येष्ठ गृहस्थांकडे पाठवले आहे. त्यांच्या घरी तो दोनदा जाऊन आला, असे ऐकते.