तिला गटातून काढायचं का?

वैनगंगेच्या एका काठाला सावली तालुका, दुसऱ्या काठाला गडचिरोली. पलीकडं १९९३ पासून दारूबंदी. अलीकडं, चंद्रपूर जिल्ह्यात, ती १ एप्रिल २०१५ ला आली ती बायांच्या जोरावर. पारोमिता गोस्वामींच्या श्रमिक एल्गार संघटनेसोबत २०१० च्या डिसेंबरात त्या चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पायी गेल्या होत्या. २०२१ मध्ये सरकारनं बंदी उठवली. पुढच्या संवादातल्या दोघी कल्पनेतल्या आहेत, पेच मात्र खरा. एक बचत गटाची नवी अध्यक्ष. दुसरी तिची मोठ्याई, त्या पदयात्रेत चाललेली.

— मोठ्याई, गटातल्या एकीच्या घरी मोहाचा सडवा सापडला. साऱ्या म्हणतात, तिची बचत परत करा नि तिला काढा.

— तू काय म्हणतेस?

— काढावंच वाटते. जिचा नवरा तिथं पिऊन येतो नि मारतो, तीही आपल्याच गटात आहे. दोघींना एका सतरंजीवर कसं बसवू?

— आणि काढल्यावर ती दारू गाळायची थांबेल?

— नाही. उलट मोकळी होईल.

— रोवणी झाली की कापणीपर्यंत तिच्या हाताला काम नाही. पहाटे वेचून वाळवलेलं मोहफूल व्यापारी मातीमोल भावानं मागतो. तेच सडवून चुलीवर चढवलं की संध्याकाळी रोकड. हे तिनं गटात कधी सांगितलं?

— बोलतच नाही ती. अंगठा देते नि कोपऱ्यात बसते.

— मग ती गटात होती कुठं? वहीत होती.

— पण तिच्या गरिबीपायी दुसरीनं मार खायचा का? परवानाधारी दुकान असतं तर सोपं होतं. बायांचं गुप्त मतदान मागायचं, निम्म्याहून जास्त बायांनी बाटली आडवी केली की दुकान बंद. कोणी कुठं शिक्का मारला, कोणाला कळत नाही. इथं तोंडावर बोलावं लागते, तेही शेजारणीच्या.

— दुकानापुढं आपण साऱ्या एक होतो, कारण त्या दुकानात आपली कोणी नव्हती. आता आहे. अध्यक्षाचं खरं काम इथून सुरू होते, पोरी. दारू बंद, यात माघार नाही. पण बंद कर म्हणणाऱ्या गटानं तिला पहिलं कर्ज द्यायला पाहिजे. शेळ्या घेऊ दे, नाहीतर भाव येईपर्यंत फुलं साठवू दे.

— म्हणजे नियम मोडणारीला आधी पैसे! बाकीच्या उद्या वही फेकतील माझ्या अंगावर. इमानानं हप्ते भरणाऱ्या दोघी कर्जासाठी थांबल्या आहेत.

— त्यांचं म्हणणं खोटं नाही.

— मग?

— मग हे मी ठरवायचं नाही, तूही एकटीनं नाही. सभेत ठरवा, ती समोर असताना. तिच्या पाठीमागं ठराव करू नका.

— ती समोर असली तर मार खाणारी बोलणार नाही.

— म्हणून आधी त्या मार खाणारीच्या घरी जा. तिला काय पाहिजे ते विचार. तिनं कर्जाला नाही म्हटलं, तर ते नाही सभेत मांडायची हिंमत ठेव.

— आणि तिनं 'काढा' म्हटलं तर?

— तर मला बोलाव. मग तिघी बसू.